हस्तक, संघटित गुन्हेगारी टोळ्यांतील

हस्तक, संघटित गुन्हेगारी टोळ्यांतील : गुन्हेगारी टोळीचा दीक्षित वा मान्यताप्राप्त सदस्य नसताना तिच्यासाठी काम करणारी, तिच्या आश्रयाने धंदा करणारी किंवा तिला माल, पैसा, माहिती, वाहन व आसरा पुरविणारी व्यक्ती. मुंबईच्या बोलभाषेत कामाच्या स्वरूपानुसार तिला पंटर, खबरी, वसुलीवाला अशी निरनिराळी नावे आहेत. पोलिसी व न्यायालयीन मराठीत हस्तक किंवा साथीदार हे शब्द रूढ आहेत. टोळीचा इतिहास बहुधा तिच्या म्होरक्यांच्या नावाने लिहिला जातो. पण टोळीचे रोजचे व्यवहार चालतात ते या बाहेरच्या वर्तुळावर. टोळीतील माणसांपेक्षा या वर्तुळातील माणसांची संख्या नेहमीच कितीतरी मोठी असते.

या वर्गाचे सर्वांत रेखीव रूप अमेरिकेतील इटालियन वंशाच्या टोळ्यांत आढळते. १९३१ मध्ये साल्व्हातोरे मारान्झानोच्या खुनानंतर लकी लुचानो याच्या पुढाकाराने या टोळ्यांचे एक मंडळ स्थापन झाले व न्यूयॉर्क शहरातील पाच ‘घराण्यांची’ रचना स्थिरावली. घराण्याचा प्रमुख, उपप्रमुख, सल्लागार, पथकप्रमुख व शिपाई अशी तीत उतरंड असे. शपथ घेऊन सदस्य होण्यासाठी इटालियन वंश आवश्यक होता. त्यामुळे आयरिश, ज्यू वा अन्य वंशाचा मनुष्य कितीही कर्तबगार असला, तरी तो उंबरठ्याबाहेरच राहत असे. मेयर लान्स्की हा ज्यू इसम लुचानोचा बरोबरीचा भागीदार होता, पण सदस्य कधीच झाला नाही. शिवाय १९५७ नंतर सु. दोन दशके नव्या सदस्यांची भरतीच बंद होती. त्यामुळे वंशाने पात्र असलेल्या तरुणांनाही वर्षानुवर्षे सहयोगी म्हणूनच कंठावी लागली.

सहयोग्याने आपल्या मिळकतीचा हिस्सा आपल्यावरील सदस्याकडे पोहोचवावयाचा आणि त्याबदल्यात त्या सदस्याने इतर टोळ्यांपासून त्याचे रक्षण करावयाचे, असा हा व्यवहार असे. त्यात समानता नव्हती. मंडळाच्या अनुमतीवाचून सदस्याच्या अंगाला हात लावता येत नसे; सहयोग्याच्या जिवाला तसे कोणतेही संरक्षण नव्हते. हेन्री हिल याचे चरित्र या दृष्टीने बोलके आहे. वडील आयरिश व आई सिसिलियन असल्याने तो लुकेसी घराण्याचा सदस्य होऊ शकला नाही. ११ डिसेंबर १९७८ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर लुफ्तान्सा कंपनीच्या गोदामातून सु. पन्नास लाख डॉलर रोख व शिवाय जवाहीर लुटण्यात आले. हिलच्या वर्तुळातील माणसांनी ही लूट केली होती. लुटीत वापरलेली गाडी नष्ट करण्यात हयगय करणारा एक साथीदार आठवड्याभरातच मारला गेला व पुढील महिन्यांत आणखी काहींची तीच गत झाली. पुरावा ठरू शकेल असा माणूस उरू नये, एवढेच त्यामागील कारण होते. १९८० मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाल्यावर हिल सरकारी साक्षीदार झाला. त्याच्याआधी १९६३ मध्ये जोसेफ व्हालाची या सदस्याने अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे या संघटनेची रचना प्रथमच जाहीरपणे सांगितली होती. १९७६ ते १९८१ या काळात जोसेफ पिस्तोन हा गुप्त पोलीस अधिकारी बोनानो घराण्यात वावरला, तोही सहयोग्याच्याच वेषात. कारण बाहेरच्या माणसाला आत शिरण्यासाठी तेवढीच वाट मोकळी होती.

मुंबईतील टोळ्यांत शपथविधी नाही व वंशाची अटही नाही. आत कोण व बाहेर कोण हे तेथे विश्वास, नातेसंबंध, मोहल्ला वा चाळ यांवरून ठरे. म्हणूनच मुंबईतील हस्तकाची व्याख्या अधिक सैल आहे, आणि ती सैल असण्याचे परिणाम पुढे कायद्यात दिसून आले.

मुंबईत हा वर्ग प्रथम वाढला तो दारूबंदीमुळे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमानंतर एप्रिल १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी अमलात आली. हातभट्टी लावणारे, मोटारीच्या ट्यूबमधून दारू वाहून नेणारे, अड्डा चालविणारे व त्यांच्याकडून हप्ता घेणारे अशी एक साखळीच त्यातून उभी राहिली. वरदराजन मुदलियार याचा उदय धारावी व शीव-कोळीवाडा भागातील याच धंद्यातून झाला. राज्य विभाजनानंतर (१९६०) महाराष्ट्राने परवानापद्धती स्वीकारून बंदी शिथिल केली. गुजरातने ती कायम ठेवली. त्याचा एक परिणाम मुंबईपासून दूर, खानदेशात झाला. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर, नंदुरबार, तळोदे व अक्कलकुवा हे तालुके गुजरातला लागून असल्याने दारूच्या चोरट्या वाहतुकीचे मार्ग तेथून गेले. येथेही पकडला जातो तो बहुधा ट्रकचा चालक किंवा मोटारसायकलवरून खोकी नेणारा आदिवासी तरुण. मालाचा धनी कोण हे त्याला अनेकदा ठाऊकही नसते. हा धंदा मुंबईतील टोळ्यांच्या तोडीचा नव्हे, पण त्याची रीत तीच आहे.

दुसरा मोठा धंदा सोन्याच्या तस्करीचा. सुवर्णनियंत्रणाच्या आदेशांमुळे व पुढे १९६८ च्या कायद्यामुळे देशातील व परदेशातील सोन्याच्या भावांत मोठी तफावत पडली. आखाती देशांतून गलबतांनी येणारे सोने व चांदी कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावर उतरविण्यात येई. गोदीत हमाली करून वर आलेला हाजी मस्तान या व्यापारातील सर्वांत प्रसिद्ध नाव होय. हे काम एकट्याने होण्यासारखे नव्हते. होडीवाला, पहाटे पोती उतरविणारे गावकरी, डोळेझाक करणारा सीमाशुल्क कर्मचारी, माल मुंबईस पोहोचविणारा चालक व झवेरी बाजारातील खरेदीदार असे हस्तक त्यात लागत. पैसे हवालामार्गे फिरत. एखाद्या नोटेचा क्रमांक हीच त्यात पावती असे. हस्तकाला फक्त आपल्या आधीचा व आपल्या नंतरचा मनुष्य माहीत असावा, ही तस्करीची शिस्त होती. १९७४ च्या अखेरीस परकीय चलनसंरक्षण व तस्करीप्रतिबंधक कायदा झाला व आणीबाणीत बहुतेक मोठे तस्कर स्थानबद्ध झाले. किनाऱ्यावरील यंत्रणा मात्र मोडली नाही.

मटक्याचा जुगार हे या वर्गाचे आणखी एक उगमस्थान. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील भावांच्या आकड्यांवर लागणारी पैज बंद पडल्यावर १९६२ पासून कल्याणजी भगत व नंतर रतन खत्री यांनी आकडे काढण्याची स्वतंत्र पद्धत सुरू केली. आकडे घेणारा कारकून, चिठ्ठ्या पोहोचविणारा पोऱ्या व पानाच्या ठेल्यावर बसून बोली घेणारा ही सर्व मंडळी स्वतःस गुन्हेगार समजत नसत, आणि शेजारीही त्यांना तसे समजत नसत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाने या इतिहासाला वेगळे वळण दिले. सु. अडीच लाख कामगार त्यात सामील होते. संप यशस्वी झाला नाही. अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. गिरणगावातील चाळींत वाढलेल्या मुलांपुढे बापाच्या जागेवर ‘बदली’ म्हणून लागण्याचा जो मळलेला मार्ग होता, तो बंद झाला. रमा नाईक, बाबू रेशीम व अरुण गवळी यांची भायखळ्याची टोळी याच परिसरातील होती. संपामुळे टोळ्या निर्माण झाल्या असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्या आधीपासूनच होत्या, आणि कामगारांच्या बहुसंख्य मुलांनी टोळीकडे वळण्याऐवजी फेरीचा धंदा, रिक्षा वा सुरक्षारक्षकाची नोकरी पत्करली. तथापि टोळ्यांना स्वस्त व मुबलक मनुष्यबळ मिळाले, ते या काळात. बाबू रेशीम १९८७ मध्ये पोलीस कोठडीतच मारला गेला व रमा नाईक १९८८ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात ठार झाला.

सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला व पुढे आयात खुली होत गेली. सोन्यातील नफा आटताच टोळ्या खंडणी, जमिनींचे व्यवहार व चित्रपट-अर्थपुरवठा यांकडे वळल्या. या धंद्यांना वेगळ्या प्रकारचा हस्तक लागतो. कोणत्या बांधकाम व्यावसायिकाने कोणता भूखंड घेतला, कोणाच्या घरी लग्न आहे, कोण गाडी कोठे लावतो, ही माहिती देणारा मनुष्य पिस्तूल चालविणाऱ्याइतकाच उपयोगी ठरला. टोळीचा म्होरका परदेशी, खंडणीचा दूरध्वनी तेथून, आणि पैसे घ्यायला येणारा मुंबईतील एखादा विशीतला तरुण, असे या काळातील चित्र होते. १९८० नंतरच्या दशकात दाऊद इब्राहीम दुबईला गेल्यावर ही विभागणी पक्की झाली. ‘सुपारी’, ‘पेटी’ (लाख) व ‘खोका’ (कोटी) हे शब्द वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचले, तेही याच सुमारास.

हस्तकाचे प्रत्यक्ष जीवन चित्रपटांत दिसते तसे ऐषारामाचे नसते. ठरावीक पगार अपवादानेच मिळे. कामागणिक रक्कम, तीही मध्यस्थांच्या हातांतून झिरपत येणारी. त्याचे खरे आकर्षण होते ते वचक निर्माण होण्यात. भाडेकरू खोली सोडत नसेल, उधारी वसूल होत नसेल वा पोलीस चौकीत कोणी दाद देत नसेल, तर ‘भाईच्या माणसा’चा शब्द चाले. दिवाणी दावा पिढ्यान्‌पिढ्या रखडत असलेल्या शहरात या झटपट निवाड्याला गिऱ्हाईक होते, आणि त्यात प्रतिष्ठित नागरिकही होते, हे नमूद करणे आवश्यक आहे. अटक झाल्यावर टोळीने वकील द्यावा व घरखर्च पाठवावा, असा अलिखित करार असे. तो पाळला जातो किंवा नाही, यावर हस्तकाची निष्ठा अवलंबून राही. घरी पैसे पोहोचणे थांबले, की माफीचा साक्षीदार तयार होण्यास फार वेळ लागत नसे. दुसरीकडे, प्रतिस्पर्धी टोळीला म्होरक्यापर्यंत पोहोचता येत नसे, तेव्हा त्याच्या हस्तकावर वार होई. जानेवारी १९८२ मध्ये मन्या सुर्वे वडाळ्यास मारला गेल्यानंतर ‘चकमक’ हा शब्दही मुंबईच्या बोलीत स्थिर झाला. १९९० नंतरच्या दशकात अशा चकमकींची संख्या फार वाढली.

हस्तकाला आपण कशात सामील आहोत हे किती ठाऊक असते, हा प्रश्न १९९३ मध्ये अत्यंत भीषण स्वरूपात पुढे आला. जानेवारी-फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे स्फोटके व शस्त्रे उतरविण्यात आली. त्यासाठी चांदी उतरविणारी जुनी माणसे, जुन्या वाटा व जुने हप्तेच उपयोगी पडले. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या स्फोटमालिकेत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे खटल्यात किनाऱ्यावरील मदतनिसांबरोबर सीमाशुल्क अधिकारी व पोलीस कर्मचारीही दोषी ठरले. नेहमीची तस्करी समजून डोळेझाक केली, हा बचाव त्यांना तारू शकला नाही. २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बाँब ठेवणाऱ्या दहा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली व याकूब मेमन या सनदी लेखापालाची कायम केली. त्या वेळी न्यायालयाने मेमन व फरारी सूत्रधार यांना धनुर्धरांची, तर इतरांना त्यांच्या हातांतील बाणांची उपमा दिली. प्रत्यक्ष कृती करणाऱ्यापेक्षा पैसा व व्यवस्था पुरविणाऱ्याचा दोष अधिक, असे मानणारा हा निर्णय या विषयाच्या अभ्यासात महत्त्वाचा आहे.

सर्वसामान्य फौजदारी कायद्याने हस्तकाला पकडणे कठीण जाई. कारण प्रत्येक गुन्हा सुटा पाहिला, तर त्याचा वाटा क्षुल्लक भासे. अमेरिकेने १९७० मध्ये टोळीलाच एक गुन्हेगारी उपक्रम मानणारा कायदा करून यावर उपाय काढला होता. महाराष्ट्राने १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम (मोक्का) केला. मागील दहा वर्षांत टोळीविरुद्ध एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल झालेली असणे ही त्याची एक अट आहे. टोळीचा सदस्य असणे, टोळीवाल्यास आसरा देणे व टोळीच्या पैशातून आलेली मालमत्ता बाळगणे हे त्यात स्वतंत्र गुन्हे ठरविले असून, किमान शिक्षा पहिल्या दोहोंस पाच वर्षे व तिसऱ्यास तीन वर्षे आहे. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब त्यात पुरावा म्हणून ग्राह्य आहे. मात्र साहाय्य देण्याच्या व्याख्येत टोळीला मदत करणाऱ्याशी ‘संपर्क वा संबंध’ असणे याचाही समावेश आहे, आणि मूळ अडचण तेथेच आहे. खंडणी देणारा व्यापारी, टोळीवाल्याचा नातलग, त्याचा वकील, बातमीसाठी त्याच्याशी बोलणारा पत्रकार या सर्वांचा टोळीशी संबंध असतोच. बनावट मुद्रांक प्रकरणात मुंबईच्या एका माजी पोलीस आयुक्तांनी केलेल्या अर्जावर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शब्दांचा अर्थ आवळला : नुसता संबंध पुरेसा नाही, तो संघटित गुन्ह्यास साहाय्य करण्याच्या जाणिवेने ठेवलेला असला पाहिजे. चित्रपटव्यवसायातील एक बडे अर्थपुरवठादार भरत शहा यांना २००१ मध्ये अटक झाली. २००३ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना मोक्काखालील आरोपांतून मुक्त केले व पोलिसांपासून माहिती दडविल्याबद्दल मात्र एक वर्षाची शिक्षा दिली. बळी व भागीदार यांमधील रेषा किती पुसट असू शकते, हे या निकालावरून कळते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ अन्वये संघटित गुन्हेगारी हा सबंध देशात स्वतंत्र गुन्हा झाला असून, टोळीला साहाय्य करणाऱ्यासही त्यात किमान पाच वर्षांची शिक्षा आहे. ‘संबंध’ या शब्दाची किंमत काय असू शकते, याचे एक उदाहरण जून २०११ मध्ये मुंबईत झालेल्या ज्योतिर्मय डे या पत्रकाराच्या खुनाच्या खटल्यात मिळते. टोळीप्रमुख छोटा राजन यास त्या खटल्यात जन्मठेप झाली. त्याच्याशी संपर्क ठेवून डे यांची माहिती पुरविल्याच्या आरोपावरून एका महिला पत्रकारासही नोव्हेंबर २०११ मध्ये मोक्काखाली अटक झाली होती. २०१८ मध्ये विशेष न्यायालयाने तिची निर्दोष मुक्तता केली व २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली. तोपर्यंत अटकेला सु. आठ वर्षे होत आली होती.