ताण : वीणेची तार आणि रक्तवाहिनी

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखानदारी पट्ट्यात ‘टेन्शन’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. पाळीवरून परतलेला कामगार घरच्या काळजीला टेन्शन म्हणतो आणि दवाखान्यात उच्च रक्तदाबाचे निदान झाले की त्यालाही टेन्शनच म्हणतो. ही सरमिसळ निरुपद्रवी नाही. काळजी मिटली, आता गोळी कशाला, असा समज तिच्यातून रुजतो. उच्च रक्तदाब मात्र बहुधा कोणतेही लक्षण न दाखविता हृदय व मूत्रपिंड यांची हानी करीत राहतो.

संस्कृत ‘तन्’ म्हणजे ताणणे. लॅटिनमधील ‘टेन्डेरे’ त्याच कुळातील. इटलीतील तुरिन येथे रिवा-रोच्ची यांनी १८९६ साली दंडाला फुगविता येणारी पट्टी बांधून रक्ताचा दाब मोजण्याचे साधन प्रसिद्ध केले. वैद्यकातील ‘हायपरटेन्शन’ हा याच दाबाचा वाचक आहे, काळजीचा नव्हे. मनाचा ताण वैद्यकात निराळ्या वाटेने आला. निरनिराळ्या आघातांना शरीर एकाच प्रकारे प्रतिसाद देते, असे हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोगांवरून १९३६ साली मांडले. पुढे त्यांनी रूढ केलेला ‘स्ट्रेस’ हा शब्द यंत्रशास्त्रात आधीपासूनच होता. मराठीने ‘रक्तदाब’ हा शब्द घडवून दोन्ही अर्थ वेगळे ठेवले होते. बोलीत इंग्रजी शब्दाने ती सोय घालविली.

पालि वाङ्मयात ‘तन्ति’ म्हणजे तार. चंपानगरीच्या श्रेष्ठीचा सुकुमार पुत्र सोण कोळिविस याने प्रव्रज्येनंतर राजगृहाच्या सीतवनात इतके चंक्रमण केले की, पाय फुटून वाट रक्ताने माखली. भगवंतांनी त्याला त्याच्याच वीणेचे स्मरण दिले. तार ‘अच्चायता’ म्हणजे फार ताणलेली असो वा ‘अतिसिथिला’ असो, वीणा वाजत नाही. अतिप्रयत्नाने ‘उद्धच्च’ म्हणजे चित्ताची चंचलता येते आणि अल्प प्रयत्नाने ‘कोसज्ज’ म्हणजे आळस. प्रवचनांत ही कथा बहुधा येथेच संपते व ऐकणाऱ्याला मन आवरण्याचा उपदेश मिळतो.

परंतु विनयातील महावग्गाच्या चम्मक्खन्धकात ती पुढे जाते. अंगुत्तर निकायात हा भाग नाही. भगवंतांनी सोणाला एका तळाच्या पादत्राणांची अनुज्ञा दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेतली नाही. ऐंशी गाड्या धन सोडून आलेला सोण आता जोड्यांत गुंतला, असे लोक म्हणतील. संघाला अनुज्ञा असेल तर मीही वापरीन, असे तो म्हणाला. तेव्हा ती अनुज्ञा सर्व संघाला मिळाली. आमच्या मते कथेचा हा उत्तरार्ध गाळणे म्हणजे रक्ताळलेले पाय विसरणे होय. चित्ताची तार सोणाने स्वतः जुळविली, पण पायांसाठी नियमच करावा लागला.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना बाबासाहेबांनी १९४६ साली कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बारमाही कारखान्यांतील आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याची तरतूद त्यात होती. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हा ही मर्यादा १९४८ च्या कारखाना अधिनियमात आलेली होती.