यीस्ट : आभासी सूक्ष्मगुरुत्वातील जनुकीय प्रतिसाद

भारहीनतेचे जमिनीवरील अनुकरण, म्हणजेच आभासी सूक्ष्मगुरुत्व, आडव्या अक्षाभोवती सावकाश फिरणाऱ्या, द्रवाने काठोकाठ भरलेल्या पात्रात करतात. पेशी तळाशी न बसता तरंगत राहतात आणि त्यांच्यावरील कर्तरी ताण अत्यल्प असतो. गुरुत्व मात्र नाहीसे होत नाही. म्हणून येथील निष्कर्ष अंतराळाला थेट लावू नयेत. पाव व मद्य बनवणाऱ्या सॅकरोमायसीस सेरेव्हिसी या यीस्टचा सुमारे ६,००० जनुकांचा संपूर्ण जीनोम १९९६ मध्ये उलगडला, त्यामुळे ते अभ्यासाला सोयीचे ठरले. अशा पात्रात यीस्ट वाढवून केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एरवी पेशीच्या टोकांशी येणारे मुकुल (कन्यापेशींचे अंकुर) कोठेही फुटू लागले आणि पेशी गुच्छाने चिकटून राहिल्या. मुकुलाची दिशा ठरवणाऱ्या बीयूडी५, आरएएक्स१ आणि कन्यापेशी विलग करणाऱ्या डीएसई१, ईजीटी२ या जनुकांची अभिव्यक्ती बदललेली आढळली. ताणप्रतिसादाचा नियंत्रक एमएसएन४ व वाढीचा नियंत्रक एसएफपी१ यांचाही या प्रतिसादात सहभाग दिसतो.