पिशवीतलं दूध आणि पूर्णाकाठची म्हैस



"दूध कुठून येतं?" असं घरातल्या लेकराला विचारून पाहा. "पिशवीतून" असं उत्तर आलं, तर हसण्यावारी नेऊ नका.

पूर्वी आपल्या बुलडाणा जिल्ह्यात हे शिकवावं लागत नसे. ज्वारीचे दाणे माणसाला, कडबा जनावराला, शेणखत वावराला, असा फेरा लेकरांच्या डोळ्यांसमोर चाले. पूर्णा नदीकाठची भुऱ्या रंगाची पूर्णाथडी म्हैस ह्याच मुलखातली. १९७० साली देशात दुधाच्या महापुराची योजना सुरू झाली. गावचं दूध शहरात जाऊ लागलं, दुधाला बाजार मिळाला. १९९८ पर्यंत भारत दूध उत्पादनात जगात पहिला झाला. हे चांगलंच झालं. पण पुढे शिवारात सोयाबीन वाढलं, ज्वारी हटली, कडबा महागला, आणि कित्येकांचे गोठे रिकामे झाले.

म्हणून धार काढताना लेकरांना जवळ बसवा. विरजण लावू द्या, ताक घुसळू द्या. धुऱ्यालगत चार तासं ज्वारीची पेरा. राखण त्यांच्याकडे सोपवा. आणि घरापुरतं दूध ठेवून, उकळून लेकरांना द्या. उरलेलं मग डेअरीला घाला.