भिंतीत बुजलेल्या कमानी

आपल्याकडे जुन्या महसुली कागदांत, ज्या गावात वस्तीच उरली नाही त्याला 'बेचिराग' म्हणतात. गावाचं नाव असतं, शिवार असतं, हद्दी असतात. संध्याकाळी दिवा लावायला तेवढं कुणी नसतं. माझा प्रबंध अशाच गावांवर आहे. 'गाव उठलं केव्हा आणि का, हे सांगणार कोण?' हा प्रश्न मला घरचेही विचारतात आणि गाईडही. तेव्हा मी एका पडक्या चर्चची गोष्ट सांगते. तुम्हालाही तीच सांगते.

इंग्लंडात यॉर्कशरच्या टेकड्यांत व्हारम पर्सी नावाचं गाव होतं. आज तिथे गवताखाली घरांच्या जोत्यांचे उंचवटे दिसतात आणि उभं आहे ते फक्त सेंट मार्टिनचं चर्च, तेही बिनछपराचं. मॉरिस बेरेसफर्ड या अर्थेतिहासकारानं 1950 मध्ये इथे खणायला सुरुवात केली. दोनच वर्षांनी जॉन हर्स्ट हा पुरातत्त्वज्ञ येऊन मिळाला, आणि दर उन्हाळ्यात थोडं थोडं करत हे काम 1990 पर्यंत चाललं. चाळीस वर्षं! (आम्हाला फेलोशिप मिळते पाच वर्षांची.)

चर्चच्या फरशीखाली त्यांना आधी खांबांचे खड्डे सापडले, म्हणजे सगळ्यात पहिलं चर्च लाकडी होतं, साधारण 10व्या शतकातलं. त्यावर छोटं दगडी चर्च आलं, मग मोठं. 12व्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेची भिंत फोडून कमानी काढल्या आणि बाहेरून एक पडवी जोडली. पुढे उत्तरेलाही तसंच केलं. आपलं घर वाढतं तसंच हे चर्च वाढलं. आणि नंतर उलटा प्रवास. 15व्या-16व्या शतकात या पडव्या पाडल्या, कमानी दगडांनी बुजवल्या. त्या बुजवलेल्या कमानी आजही भिंतीत स्पष्ट दिसतात. पुढे वेदीकडचा भागही आखूड केला.

सरळ अर्थ असा, की गाव वाढलं तसं चर्च वाढलं, गाव आटलं तसं चर्च आटलं. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूश झाले होते. पण थोडं थांबा.

एक तर पडवी काही फक्त गर्दी मावावी म्हणून बांधत नसत. दात्याला आपली वेदी हवी असे, घराण्याच्या थडग्यांना जागा हवी असे. त्यात पैसा जमीनदाराचा, आणि तो कधी असे, कधी नसे. दुसरं, व्हारमचं धर्मग्राम (वसईकडचे वाचक हा शब्द ओळखतील) एका गावाचं नव्हतंच. थिक्सनडेल, बर्डेल, टोथॉर्प, रेस्थॉर्प इथले लोकही इथेच येत. बाप्तिस्म्याला आणि मातीलाही. त्यामुळे भिंतीत जी गर्दी 'दिसते' ती नेमकी कुणाची, हे भिंत सांगत नाही.

आणि गाव उठलं ते कशानं? बहुतेक जण लगेच म्हणतात, 1349 ची प्लेग. पण प्लेगनंतरही गाव नांदत होतं. मात्र वस्ती विरळ झाली, मजूर महागले आणि धान्यापेक्षा लोकर परवडू लागली. 1517 मध्ये सरकारनं अशा उठवलेल्या गावांची चौकशी केली. त्यात नोंद आहे, की बॅरन हिल्टननं इथली चार घरं पाडली आणि चार औतं बंद केली. माणसं गेली, मेंढरं आली.

म्हणजे 1500 च्या सुमारास गाव संपलं. चर्च मात्र संपलं नाही! शेजारच्या गावांच्या जिवावर ते आणखी साडेचारशे वर्षं चाललं. 1870 च्या सुमारास थिक्सनडेलला स्वतःचं चर्च मिळालं आणि इथली मोठी गर्दी गेली. 1949 मध्ये नियमित उपासना थांबली. नंतर छपरावरचं शिसं चोरीला गेलं, पाणी आत आलं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत मनोऱ्याचा निम्मा भाग ढासळला.

म्हणूनच मी माझ्या बेचिराग गावांतल्या देवळांची मापं घ्यायला निघाले, तेव्हा वहीत पहिला रकाना देवळाच्या वयाचा ठेवला नाही. पहिला रकाना आहे: जत्रेला कुठकुठल्या गावांतून माणसं येतात?