मोजदादीचे मोल

श्रोतेहो, आमच्या भूगावचे एक वयोवृद्ध शेतकरी पायाचे हाड मोडले म्हणून शहरातल्या एका दवाखान्यात होते. ते घरी आल्यावर मी समाचाराला गेलो. आत पट्टी घालून हाड जोडले होते. पण जखमेतून पू येत होता. म्हणाले, "मास्तर, हाड बसवायला गेलो आन् नवंच दुखणं घेऊन आलो. नशीब, दुसरं काय!" शेजारी बसलेला मुलगा तावातावाने म्हणाला, "नशीब कसलं? डॉक्टरचीच चूक!"

बाप नशिबाला बोल लावतो, मुलगा डॉक्टरला. पण त्याच दवाखान्यात, त्याच महिन्यात, अशाच किती जणांची जखम चिघळली, हे दोघांनाही ठाऊक नाही. ते कळल्यावाचून दोघांचेही म्हणणे अधांतरीच. यावरून मला आपल्या मुंबईशी निगडित असलेली एक जुनी घटना आठवते. ती दवाखान्यातली नव्हे, लस टोचण्याची आहे. पण उपचारातूनच रोग लागला तर त्याचा माग कसा काढावा, हा प्रश्न तोच आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने तेथे प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून लशीच्या बाटल्या दूरदूर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ माणसांना ही लस टोचली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. थोड्याच दिवसांत त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सारे दगावले.

लोक साहजिकच म्हणणार, लसच वाईट! पण बाटल्यांवर क्रमांक होते, आणि कोणाला कोणत्या बाटलीतली लस दिली याचा हिशेब लागत होता. त्या दिवशी पाच बाटल्या फोडल्या होत्या. मेलेले १९ जण एकाच बाटलीतले, क्रमांक ५३-एन. उरलेल्या चार बाटल्यांतील ८८ जणांना काही झाले नाही. म्हणजे दोष लशीचा नव्हे, एका बाटलीचा. एवढे मोजणीने दाखवून दिले.

पण मंडळी, मोजणीने 'कुठे' ते सांगितले. 'कोणामुळे' ते नाही. बाटली परळलाच बिघडली, की मुलकोवालला उघडताना? चौकशी आयोगाने परळवर ठपका ठेवला. हाफकिनला कामावरून दूर व्हावे लागले. वास्तविक बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून पुन्हा वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. १९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिनची बाजू मांडली, तेव्हा त्याला पुन्हा भारतात काम मिळाले. मधली वर्षे वाया गेली ती गेलीच. १९२५ साली परळच्या त्या संस्थेला त्याचेच नाव दिले गेले.

मग दोष शोधायचा कसा? एकदा मोजून भागत नाही. मोजावे, उपाय करावा आणि पुन्हा मोजावे. व्हिएन्नाच्या बाळंतपणाच्या रुग्णालयात दोन विभाग होते. १८४६ साली एकात शंभरातल्या सुमारे ११ बाया दगावल्या, दुसऱ्यात ३ देखील नाही. पहिल्या विभागात येणारे डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे जात. दुसऱ्यात सुईणी काम करीत. सेमेलवाइस या डॉक्टराने मे १८४७ पासून क्लोरिनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. जूनमध्ये तोच आकडा २.२ वर आला.

आजची रीत याच वाटेने पुढे गेली आहे. रुग्ण दाखल होऊन ४८ तास उलटल्यावर उद्भवलेला संसर्ग साधारणपणे रुग्णालयातला धरतात. पण नुसते रुग्ण मोजून चालत नाही. शिरेत नळी किती दिवस होती तेही मोजतात. दहा रुग्णांना दहा दिवस नळी असेल तर ते शंभर नळी-दिवस झाले. चारशे नळी-दिवसांत दोघांना संसर्ग झाला, तर हजारी प्रमाण पाच. त्यामुळे लहान दवाखाना आणि मोठे इस्पितळ एकाच मापाने मोजता येतात. आपल्या देशात २०१७-१८ मध्ये २६ रुग्णालयांतील ८९ अतिदक्षता विभागांत अशी एकसारखी मोजदाद झाली. शिक्षक बंधुभगिनींनी हे त्रैराशिक वर्गात अवश्य सोडवून घ्यावे.

शेवटी आमच्या त्या शेतकरीबाबांकडे वळतो. हाडाला धातूची पट्टी बसवली असेल, तर नव्वद दिवसांपर्यंत त्या जखमेतला संसर्ग शस्त्रक्रियेशी जोडून मोजतात. मी विचारले, "बाबा, पू येतोय हे त्या दवाखान्यात कळवलंत का?" ते म्हणाले, "नाही बुवा. इथल्याच डॉक्टराकडून गोळ्या आणल्या." म्हणजे तिथल्या वहीत ते बरे होऊन घरी गेले, एवढेच राहणार. त्यांच्यामागून त्याच खाटेवर येणाऱ्याला सावध करणारा आकडा भूगावातच अडकून पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा त्यांना रिक्षात घालून परत घेऊन गेला. आपल्या घरीही असे घडले, तर जखम घेऊन आधी तिथेच परत जा, आणि नोंद करून घ्या असे सांगा. भांडायला नव्हे, मोजणीत धरावे म्हणून.