सेलिलो : पाण्याखाली गेलेली पेठ

अमेरिकेच्या ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या सीमेवरून कोलंबिया नदी वाहते. द डॅल्स या गावापासून सुमारे १९ किलोमीटर वरच्या अंगाला तिच्यावर १९५७ पर्यंत सेलिलोचा धबधबा होता. धबधब्याची उंची फार नव्हती, पण काळ्या बेसॉल्टच्या चिरांमधून नदीचे सगळे पाणी इथे दाटीने खाली कोसळे. समुद्रातून अंडी घालण्यासाठी वर निघालेल्या सॅमन माशांना याच अरुंद वाटांनी उड्या घेत जावे लागे, आणि माणसांनी त्यांना नेमके तिथेच गाठले. या परिसरात माणूस निदान नऊ-दहा हजार वर्षांपासून मासे पकडत होता, हे उत्खननात सापडलेल्या सॅमनच्या हाडांवरून दिसते.

मासेमारीची रीत धाडसाची होती. कातळाच्या कडेवरून पाण्यावर झुकणारे लाकडी माच बांधत, आणि कोळी त्यावर उभा राहून लांब दांड्याचे जाळे फेसाळत्या पाण्यात फिरवी. कोणी कुठल्या जागी उभे राहायचे हा हक्क घराण्यातून चालत आलेला असे. पकडलेला मासा बायका सुकवत आणि दोन दगडांमध्ये कुटून त्याचा बारीक चुरा करत. गवताच्या टोपल्यांना आतून माशाचेच कातडे लावून त्यांत हा चुरा दाबून भरत. १८०५ च्या ऑक्टोबरमध्ये मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची मोहीम इथून गेली, तेव्हा क्लार्कने या टोपल्या बारकाईने पाहिल्या. खाली सात, वर पाच अशी त्यांची रास लावलेली असे. अशा १०७ राशी त्याने मोजल्या. हा माल काही वर्षे टिकत असल्यामुळे त्यावर मोठा व्यापार उभा राहिला. किनाऱ्याकडून शिंपले, पूर्वेच्या मैदानांतून बायसनची कातडी आणि पुढे घोडेही इथे येत. गुलामांचाही सौदा होई, हे लपवण्यात अर्थ नाही.

या प्रदेशातल्या कथांमध्ये कोयोट हा कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला प्राणी नायक आहे. तो रूप बदलतो, फसवतो, फसतो आणि तरीही जगाची घडी बसवतो. एका प्रसिद्ध कथेत काही बहिणींनी नदीवर बांध घालून सगळे सॅमन अडवून ठेवलेले असतात. कोयोट तान्ह्या बाळाचे रूप घेऊन त्यांच्या घरात शिरतो, बांध फोडतो आणि मासे वरच्या लोकांसाठी मोकळे करतो. शिक्षा म्हणून त्या बहिणी पाकोळ्या होतात. दुसऱ्या कथेत माणसांना होड्यांसकट गिळणाऱ्या जलराक्षसाच्या पोटात शिरून तो त्याला मारतो.

तिसरी कथा आजही प्रत्यक्ष पाहता येते. याच नदीकाठच्या विश्रम लोकांच्या जुन्या गावाच्या वर एका कातळावर मोठ्या वर्तुळाकार डोळ्यांचा चेहरा कोरून रंगवला आहे. त्याला त्सागाग्लालाल म्हणतात. ती या गावाची प्रमुख होती. जग बदलणार, यापुढे बायका प्रमुख राहणार नाहीत, असे सांगून कोयोटने तिला दगड केले आणि आपल्या लोकांवर कायम नजर ठेवायला बसवले, अशी कथा आहे. गोऱ्यांबरोबर आलेल्या साथींनी गावेच्या गावे ओस पडली, त्या काळाशी या चेहऱ्याचा संबंध काही अभ्यासक जोडतात.

पॅट्रिशिया ब्रिग्स यांची ‘रिव्हर मार्क्ड’ (२०११) ही अर्बन फँटसी कादंबरी या सगळ्यावर उभी आहे. गाड्या दुरुस्त करणारी मर्सी थॉम्पसन कोयोटचे रूप घेऊ शकते. तिने न पाहिलेला बाप ब्लॅकफीट जमातीचा होता, आणि आपल्या वारशाचा शोध ती याच नदीकाठी घेते. पहिल्या वाचनात जलराक्षसाचा थरार पुढे ओढत नेतो; इतिहास माहीत करून घेऊन पुन्हा वाचताना एक विसंगती ठळक होते. ब्लॅकफीट हे रॉकी पर्वतापलीकडच्या मोंटानातले, बायसनवर जगणारे लोक. त्यांच्या सृष्टिकथांचा नायक नापी हा म्हातारा आहे, कोयोट नव्हे. म्हणजे मर्सीला वारसा सापडतो तो दुसऱ्यांच्या भूमीत आणि बऱ्याच अंशी दुसऱ्यांच्या कथांत. कादंबरीला ही मोकळीक आहेच. पण मूळनिवासी म्हणजे एकच एक समाज, हा गैरसमज त्यातून बळावू नये.

या भूमीच्या खऱ्या वारसांनी आपला हक्क कागदावर राखला होता. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५५ च्या तहांमध्ये याकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या चार जमातींनी अफाट जमीन सोडली, पण नेहमीच्या जागी मासे पकडण्याचा हक्क सोडला नाही. १९०५ मध्ये विनान्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या हक्काचे मर्म नेमके सांगितले. सरकारने तो बहाल केलेला नव्हता; तो मुळात त्यांचाच होता आणि तह करताना त्यांनी तो स्वतःकडे ठेवला होता. तोवर नदीकाठी डबाबंद सॅमनचे कारखाने आणि पाण्याच्या जोराने फिरून मासे उपसणारी चाके आली होती.

त्यानंतर धरण आले. वीज आणि जलवाहतुकीसाठी द डॅल्स धरणाचे काम १९५२ मध्ये सुरू झाले. १० मार्च १९५७ रोजी दरवाजे बंद झाले आणि सुमारे साडेचार तासांत सेलिलो बुडाला. कोयोटने ज्या ठिकाणी बांध फोडला असे लोक सांगत आले, तिथलेच पाणी आता सिमेंटने अडवले. चारही जमातींना मिळून सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर भरपाई मिळाली. सेलिलोचे वृद्ध प्रमुख टॉमी थॉम्पसन यांनी अखेरपर्यंत विरोध केला. १९५९ मध्ये ते वारले. जवळच्या दरीतली कितीतरी कातळशिल्पे धबधब्याबरोबर बुडाली. चाळीसेक दगड आधी कापून काढले होते. ते कित्येक दशके धरणावरच पडून राहिले आणि या शतकाच्या सुरुवातीला आजच्या कोलंबिया हिल्स उद्यानात मांडले गेले. त्सागाग्लालाल उंचावर असल्यामुळे वाचली. मात्र नासधूस होऊ लागल्याने १९९३ पासून तिच्यापर्यंत मार्गदर्शकाबरोबरच जाता येते.

धबधबा गेला तरी तहातला हक्क बुडाला नाही. १९६९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट बेलोनी यांनी कोलंबियातल्या माशांमध्ये जमातींचा न्याय्य वाटा मान्य केला. १९७७ मध्ये चारही जमातींनी मिळून स्वतःचा मत्स्य आयोग स्थापन केला. मासेमारीच्या नियमनापासून घटलेला सॅमन पुन्हा वाढवण्यापर्यंतच्या कामात तो आजही आहे.