मॅग्नमच्या पुंगळीतली रिकामी जागा

ठासणीच्या बंदुकांवरचा निबंध मंडळात वाचला गेला, तेव्हा चर्चेत एक प्रश्न निघाला. पूर्वी बारात दारू किती घालायची हे बंदूकवाला स्वतः ठरवायचा. आता ते कारखाना ठरवतो. मग ते कसब मेलं का?

आपल्याकडे जवळजवळ मेलं. 1959 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय काडतूस तयार करता येत नाही, त्यामुळे घरी बसून पुंगळ्या भरणं हा आपल्याकडे छंद होऊच शकला नाही. अमेरिकेत मात्र तो जोरात चालतो. वापरलेली पितळी पुंगळी उचलायची, तिला पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची आणि वर शिशाची गोळी दाबायची. यातलं एक प्रकरण मला फार दिवस खुणावत होतं, त्यावर हे टिपण. मॅग्नम रिव्हॉल्व्हर म्हणजे मुळात धिप्पाड हत्यार. पण ते बाळगणारे कितीतरी लोक निशाणबाजीसाठी त्यात मुद्दाम सौम्य काडतुसं भरतात. म्हणजे वाघ पाळायचा आणि त्याला दूधभात घालायचा! त्या दूधभातासाठी कोणती दारू घ्यावी, यावर तिकडे पिढ्यान् पिढ्या वाद चालू आहे. मला हा वाद रसायनशास्त्रापेक्षा इतिहासाचा वाटतो. कारण भांडण आहे ते पुंगळीतल्या रिकाम्या जागेशी, आणि ती जागा काळ्या दारूने मागे ठेवलेली आहे.

मॅग्नमच्या आधीचं काडतूस म्हणजे .38 स्पेशल. स्मिथ अँड वेसन कंपनीने ते 1899 च्या सुमारास आणलं. पुंगळी आखली होती काळ्या दारूच्या हिशेबाने, साधारण 21 ग्रेन मावतील अशी. ग्रेन हे माप परकं वाटतं, पण आपल्या सराफ्याला ते अनोळखी नाही. 1833 साली कंपनी सरकारने तोळा 180 ग्रेनांचा ठरवला. 96 गुंजांचा तोळा धरला तर एक गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित जास्त भरते. म्हणजे 21 ग्रेन झाले अकरा गुंजा, मासा-दीड मासाच म्हणा ना.

पण तोवर जग बदललं होतं. 1884 साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू सिद्ध केली. पाठोपाठ नोबेलचं बॅलिस्टाइट आलं, इंग्रजांचं कॉर्डाइट आलं. (हेच कॉर्डाइट पुढे निलगिरीत अरुवनकाडूच्या कारखान्यात बनू लागलं.) अमेरिकेत लॅफ्लिन अँड रँड या कंपनीने 1898 च्या सुमारास पिस्तुलांसाठी 'बुल्सआय' नावाची दारू काढली. नायट्रोसेल्युलोजमध्ये नायट्रोग्लिसरिन मिसळलेली, बारीक कणांची, झपाट्याने जळणारी. जे काम काळी दारू अकरा गुंजांत करायची, त्यासारखं सौम्य निशाणबाजीचं काम ही दीड गुंजेत करू लागली. (ही तुलना फक्त समजण्यापुरती. भरणीचे आकडे तिकडचे लोकही छापील तक्त्यातूनच घेतात, ऐकीव घेत नाहीत.)

पुंगळी मात्र तीच राहिली. आता तिच्या तळाशी चिमूटभर दारू आणि वर सगळी पोकळी. इथून खरी कटकट सुरू झाली. नळी खाली झुकवून मग रोखली तर दारू गोळीकडे सरकते, वर करून रोखली तर प्रायमरकडे. पेट थोडा वेगळा घेतला जातो आणि गोळीचा वेग बदलतो. निशाणबाजाला हे चालत नाही. पण याहून वाईट गोष्ट पुढे आहे. भरणाऱ्याचं लक्ष उडालं, कोणी हाक मारली, आणि त्याच पुंगळीत दारू दुसऱ्यांदा पडली, तरी वरून पाहणाऱ्याला चटकन कळत नाही. दुप्पट भरणीलाही तिथे ऐसपैस जागा असते! काळ्या दारूत ही चूक शक्यच नव्हती, दुसरं माप सरळ बाहेर सांडलं असतं. बुल्सआयच्या दुहेरी भरणीने रिव्हॉल्व्हरचं फिरतं नळकांडं फुटू शकतं, वरची पट्टी उचकटू शकते. म्हणून जुने भरणारे पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करून, दिवा धरून, प्रत्येकीत डोकावल्याशिवाय गोळी बसवत नाहीत. हे मला आपल्या दारूकोठारातल्या शिस्तीच्या जातीचं वाटतं.

आता मॅग्नम. 1935 साली स्मिथ अँड वेसनच्या डग्लस वेसन यांनी .357 मॅग्नम बाजारात आणलं. फिलिप शार्प या भरणीशास्त्राच्या लेखकाचे प्रयोग त्यामागे होते, आणि एल्मर कीथ या रांगड्या शिकाऱ्याने जड गोळ्या, भारी भरण्या करून वाट आधीच मळवली होती. पहिलं रिव्हॉल्व्हर एफबीआयच्या जे. एडगर हूव्हर यांना भेट दिलं गेलं. गोळीचा व्यास .38 स्पेशलचाच ठेवला, पुंगळी तेवढी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांबवली. ही लांबी दारू मावावी म्हणून वाढवली असं बरेच जण समजतात. मुख्य हेतू होता तो हे जहाल काडतूस जुन्या, नाजूक .38 मध्ये शिरूच नये हा. सुरक्षेसाठी केलेली सोय, पण तिने पोकळी आणखी वाढवली.

मग सौम्य भरणीसाठी आखूड .38 चीच पुंगळी का वापरत नाहीत? वापरतात की. मॅग्नममध्ये ती बिनधोक बसते. पण आखूड पुंगळीच्या तोंडापुढे घरात काजळी आणि शिशाचं कडं साचतं, आणि नंतर लांब पुंगळी घालायला गेलं की अडते. शिवाय दोन लांबींच्या पुंगळ्या एकत्र झाल्या की गोंधळ ठरलेला. म्हणून बरेच जण लांब पुंगळीच धरतात आणि दारूचा शोध घेत बसतात.

नवख्याला वाटतं, मॅग्नमची दारू म्हणून जी विकली जाते तीच कमी घालावी. इथेच धोका आहे. हर्क्युलिस कंपनीची 2400 किंवा हॉजडनची एच110 या मंद जळणाऱ्या दारू. त्यांना जड गोळी, भरलेली पुंगळी आणि तोंडाशी घट्ट आवळ लागतो, तेव्हा कुठे दाब चढतो आणि त्या नीट जळतात. एच110 तर दुसऱ्या महायुद्धातल्या .30 कार्बाइनच्या गोल दाण्यांच्या दारूच्या कुळातली. ती तक्त्याखाली उतरवू नका, असं बनवणारेच बजावतात. उतरवली तर अर्धवट जळते आणि गोळी नळीतच अडकून राहू शकते. आवाज जरा 'फुस्स' वाटला म्हणून नेमबाजाने पुढचा बार काढला, की नळी फुगलीच. कमी दारू म्हणजे कमी धोका, हे आपलं साधं गणित इथे उलटं पडतं.

म्हणून सौम्य कामाला झपाट्याने जळणारी दारूच. बुल्सआय, नाहीतर विंचेस्टरची 231. मधल्या चालीची 'युनिक' 1900 ची, फुगीर चकत्यांची, जागा जरा जास्त व्यापते. ती मळकट जळते अशी तक्रार जुनीच, पण तिच्यावर जीव टाकणारे लोकही तितकेच जुने. गोळी निवडतात ती सपाट तोंडाची. कागदात पंचाने पाडल्यासारखं स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजताना वाद राहत नाही. आपल्या इंदूरशेजारी महूला सेनेचं नेमबाजी केंद्र आहे. तिथे किंवा कुठल्याही सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेत .32 ची अशीच सपाट, सौम्य काडतुसं दिसतील. जसपाल राणाने 1994 साली हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं ते याच प्रकारात. तिथेही धक्का कमी आणि सातत्य जास्त, हेच सूत्र.

पोकळीवरचा सरळ उपाय निघायला मात्र शंभर वर्षं लागली. अमेरिकेत जुन्या पश्चिमेचे पोशाख घालून नेमबाजी करायची टूम निघाली. तिच्यासाठी हॉजडन कंपनीने 2000 नंतरच्या दशकात 'ट्रेल बॉस' आणली. बनायची ऑस्ट्रेलियात, मुलवाला इथे. कण उडदाच्या वड्यासारखे, मधे भोक असलेले, त्यामुळे वजनाला हलकी आणि आकाराला ऐसपैस. थोडक्या वजनात पुंगळी बरीचशी भरते, आणि चुकून दुसरं माप घातलं तर काळ्या दारूसारखंच बाहेर सांडतं. गेल्या काही वर्षांत ती दुकानांतून दिसेनाशी झाली आहे, आणि बरेच भरणारे पुन्हा बुल्सआयच्या डब्याकडे आणि ठोकळ्यावर धरलेल्या दिव्याकडे वळले आहेत.